स्टॉप-लॉस लावतो, पण ऐनवेळी काढून टाकतो

"मॅडम, स्टॉप-लॉस लावतो. पण भाव जवळ आला की मीच तो काढून टाकतो." डॉक्टर, शिक्षक, निवृत्त बँक अधिकारी, कितीतरी जणांकडून हे ऐकलंय. स्टॉप-लॉस म्हणजे भाव ठरवलेल्या आकड्यापर्यंत पडला की शेअर विकून टाकायची आधीच दिलेली ऑर्डर. बहुतेकांना वाटतं की आपल्याला चार्ट वाचता येत नाही, आणखी एक कोर्स केला की जमेल.

सुधीररावही (नाव बदललंय) तसेच आले. नाशिकला एका कारखान्यात क्वालिटी विभागात. ४२० ला ६०० शेअर घेतले होते. सपोर्ट, म्हणजे पडता भाव जिथे थांबेल असं वाटतं ती पातळी, ४०० ला, कारण तिथून भाव दोनदा उसळला होता. स्टॉप-लॉस ३९२. इथवर सगळं बरोबर. मग भाव ३९५ ला आला आणि त्यांनी ऑर्डर रद्द केली. मोबाइलवर मला चार्ट दाखवला, तर त्यावर तीन रेषा: ४००, ३८०, ३५०.

"या खालच्या दोन कधी काढल्या?"

"पडल्यावर."

म्हणजे शेअरबरोबर सपोर्टही खाली चालला होता. बायकोला अजून सांगितलेलं नव्हतं.

तोटा डोळ्यांआड ठेवायचा आणि नफा मात्र घाईने खिशात टाकायचा, ही माणसाची जुनी खोड. शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्येच ती मांडली. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने समुपदेशन करते, त्यामुळे माझं लक्ष त्यामागच्या हट्टाकडे जातं. भाव वर यावा ही इच्छा झाली. तो आलाच पाहिजे, नाहीतर मी मूर्ख ठरलो, हा हट्ट. इच्छा असलेला माणूस स्टॉप-लॉस राहू देतो, हट्ट धरलेला काढतो.

हे त्यांना दोन-तीनदा सांगून पाहिलं. मान डोलवायचे, पुढच्या आठवड्यात तेच. मग एकदा मी त्यांच्या कामाबद्दल विचारलं.

"जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, टॉलरन्सबाहेर, मापातल्या चालणाऱ्या फरकाबाहेर गेला तर काय करता?"

"रिजेक्ट."

"थोडासाच गेला असेल तर टॉलरन्स वाढवत नाही?"

ते हसले. "मॅडम, टॉलरन्स ड्रॉइंगवर आधीच असतो. माप घेताना बदलला तर ऑडिटमध्ये माझीच..." आणि तिथेच थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आणि रिजेक्शन शून्य असेल तर?"

"शून्य दाखवणाऱ्या लाइनवर कोणी मोजतच नाही, असं समजतो आम्ही."

इतकी वर्षं हे काम करतेय, पण यापेक्षा चांगलं उत्तर मलाही देता आलं नसतं. माणसाकडे शहाणपण असतंच, ते कोणत्या खोलीत ठेवलंय एवढं आम्हाला शोधावं लागतं. त्या दिवशी ते सापडलं, याचं समाधान मला आजही आहे.

पुढचं गणिताचं काम सोपं होतं. स्टॉप-लॉस लागला असता तर ६०० शेअर आणि प्रत्येकी २८ रुपये (४२० वजा ३९२), म्हणजे १६,८०० चा तोटा. "किती तोटा घरी जेवताना सहज सांगू शकाल?" म्हणाले, पाच हजार. त्यांच्या पाच लाखांच्या भांडवलाचा तो एक टक्का. पाच हजाराला २८ ने भागा: १७८ शेअर. संख्या आधी ठरवली की स्टॉप-लॉस जिवावर येतो, म्हणून क्रम उलटा करा: आधी सपोर्ट, त्याच्या थोडा खाली स्टॉप-लॉस, शेवटी संख्या. सगळं खरेदीपूर्वी, वहीत, तारखेसह. स्टॉप-लॉस गोल आकड्याला चिकटून लावू नका, तिथे गर्दी असते. साधी स्टॉप-लॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, ती रोज लावा किंवा ब्रोकरकडची जीटीटी (गुड टिल ट्रिगर्ड, म्हणजे रोज लावावी न लागणारी ऑर्डर) वापरा. आणि बाजार मोठ्या गॅपने, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा एकदम बराच खाली उघडला तर ठरवलेल्या भावाला सुटका होईलच असं नाही, तेही धरून चाला.

कर्ज काढून खेळत असाल, झोप उडाली असेल, घरी आकडे लपवत असाल, तर मात्र चार्ट बाजूला ठेवा आणि आधी कोणाशी तरी बोला.

काही महिन्यांनी सुधीररावांचा फोन आला. स्टॉप-लॉस लागला आणि तो शेअर चारच दिवसांत वर गेला होता.

"मग?"

"चिडलो. बायकोला सांगितलं, तीही चिडली. दुसऱ्या कंपनीचा शेअर बघतोय, १४० नगच घेणार आहे."