संगणकावर मराठी वापरताना तुम्हाला सर्वात जास्त वैताग कशाचा येतो?

पडद्यावर मराठी दिसतं आणि फाइलच्या आत ते मराठी नसतं, याचा. इंग्रजीत जे सहज होतं ते मराठीत अजून का अडतं, असंही तुम्ही पुढे विचारलंय. त्याचं उत्तरही बरंचसं यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिरगावात ठाकूरद्वारजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, १९९८ पासून. लग्नाच्या नि मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, वकिलांचे मसुदे, मंडळांचे अहवाल आणि स्मरणिका. सकाळी दहा ते रात्री नऊ बोटांखाली मराठीच असते.

मागच्या श्रावणात आमच्याच भागातल्या एका गणेशोत्सव मंडळाचे कार्यवाह एक सीडी घेऊन आले. २००३ च्या स्मरणिकेची फाइल. तिच्यात मंडळाच्या जुन्या माणसांनी लिहिलेल्या आठवणी होत्या, पेट्रोमॅक्सच्या उजेडातल्या मेळ्यांच्या, चाळीच्या जिन्यावरून मूर्ती उतरवण्याच्या. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक आज नाहीत. ते लेख नव्या स्मरणिकेत जसेच्या तसे घ्यायचे होते. फाइल उघडली तर पानभर डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय अक्षरं, पौंडाच्या खुणा, कट्यारीसारखी चिन्हं. मराठीचं एक अक्षर नाही. ज्या फॉन्टमध्ये ते टाइप केलं होतं तो चालवायला तेव्हा संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला, एक कुलूप लावावं लागायचं. ते कुलूप हरवलेलं, तो पोर्टच आता संगणकाला नसतो आणि ज्याने टाइप केलं तो मुलगा गाव सोडून गेलेला.

असं का होतं, ते सांगतो. त्या काळच्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत मराठी अक्षर साठवलेलंच नसायचं. साठवलेलं असायचं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याच्या जागी क चं किंवा म चं चित्र दाखवायचा. चित्रं ठेवायला जागा जेमतेम अडीचशे. म्हणून आपली अक्षरं तोडून बसवलेली: अर्धा श वेगळा, काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एकीच्या फॉन्टमध्ये जिथे ‘ग’, तिथे दुसरीच्या फॉन्टमध्ये ‘ठ’. फॉन्ट गेला की मजकूर गेला.

असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, बदलून देणारी सॉफ्टवेअरं आहेत, काही फुकटही मिळतात. ती वापरली. पण जुन्या फॉन्टमध्ये रफार जिथे दिसतो तिथे, म्हणजे अक्षराच्या नंतर, टाइप व्हायचा आणि युनिकोडमध्ये तो ‘र्’ अक्षराच्या आधी येतो. ऱ्हस्व वेलांटीचं बरोबर उलट: तेव्हा ती अक्षराच्या आधी, आता नंतर. बदलताना हे हुकलं की ‘कार्यकर्ते’ चे ‘कायर्कतेर्’ होतात आणि ‘मिरवणूक’ ची ‘िमरवणूक’. मंडळाच्या स्मरणिकेतले शब्द बघा: वर्ष, वर्गणी, कार्यवाह, कार्यकर्ते, मूर्ती, विसर्जन, सार्वजनिक. रफाराशिवाय एक ओळ जात नाही. दुकान बंद केल्यावर अकरा रात्री बसून, शेजारी छापील स्मरणिका उघडी ठेवून, मी तो मजकूर अक्षर न् अक्षर लावला. एका लेखाची दोन पानं छापील प्रतीत वाळवीने खाल्ली होती. तिथे काय होतं ते मला या जन्मात कळणार नाही आणि ते मला अजून लागून राहिलंय.

चीड याची येते की हे सगळं टाळता येण्यासारखं होतं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्या दिवसापासून आहे. ती मांडणीही बाहेरून लादलेली नाही, आपल्याच देशात तयार झालेल्या इस्की प्रमाणावरून घेतलेली आहे. क ला एकच क्रमांक, जगात कुठेही गेलात तरी तोच. म्हणजे मी दुकान टाकलं त्याच्या सात वर्षं आधी उपाय कागदावर तयार होता. यंत्रात तो यायला उशीर लागला हे खरं. विंडोज एक्सपीमध्येसुद्धा सेटिंगमध्ये जाऊन सीडी घालून ती सोय चालू करावी लागायची, आणि ती सीडी गिऱ्हाइकाकडे कधी नसायची. पण ती अडचण संपूनही आता कितीतरी वर्षं झाली. आजही माझ्याकडे जुन्या फॉन्टमधला ताजा मजकूर येतो, काल टाइप केलेला. सवय आहे, छापून तर नीट येतं ना, मग कशाला बदलायचं, असं म्हणतात.

छापून नीट येतं. पण कागदापलीकडेही मजकुराला आयुष्य आहे, हे मला नाना चौकाजवळ राहणाऱ्या एका मुलाने शिकवलं. तो दृष्टिहीन आहे. संगणकावर पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरतो, ते मराठीही वाचतं. एका परीक्षेची जाहिरात पीडीएफमध्ये आली होती. ती पेन ड्राइव्हवर घेऊन तो दुकानात आला आणि म्हणाला, “काका, यात काय लिहिलंय? माझा संगणक काहीतरी बरळतोय.” मी उघडली. डोळ्यांना अगदी स्वच्छ मराठी, ठळक मथळे, चौकटी. त्याच्या हेडफोनमधून मात्र तुटक इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नावं येत होती. पीडीएफमध्ये मुळात आकार आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात. कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता सोबत नीट असेल तरच त्यातून मजकूर परत मिळतो. इथे फॉन्टच जुना, तक्ता कसला! सहा पानं मी त्याला वाचून दाखवली, मग बसून टाइप करून दिली. अर्जाची मुदत दोन दिवसांवर होती. त्याच्यासाठी ती जाहिरात मराठीत निघालीच नव्हती.

युनिकोड आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. कऱ्हाडकर नावाच्या बाई एक ऑनलाइन अर्ज भरायला आल्या. नावाच्या रकान्यात आडनाव टाकलं की लाल अक्षरात यायचं, ‘कृपया फक्त मराठी अक्षरे वापरा’. त्या म्हणाल्या, “अहो, यात अमराठी काय आहे?” त्यांचं खरंच होतं. झालं असं की ‘ऱ्ह’ मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यांच्यामागे एक न दिसणारा जोडणारा कोड असतो. दुसऱ्या प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. पण तो न दिसणारा कोड युनिकोडमध्ये देवनागरीच्या १२८ घरांत बसत नाही, तो दुसरीकडे आहे. अर्ज बनवणाऱ्याने तपासणी लिहिली ती फक्त त्या १२८ घरांपुरती. बाईंनी मोबाइलवरून आपलं नाव पाठवलं होतं, त्यात पहिला प्रकार होता. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या कीबोर्डच्या मांडणीवर, शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू दाबलं, ‘ऱ्ह’ उमटला आणि अर्ज मुकाट पुढे गेला.

मला विचाराल तर हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. मराठी लोकांसाठी अर्ज बनवता आणि कऱ्हाडकर, गोऱ्हे, बऱ्हाणपूरकर यांतलं एक आडनाव घालून बघत नाही? आपल्याकडे आचाऱ्यांचा आणि आचार्यांचा हे दोन वेगळे शब्द आहेत. दऱ्या डोंगरात असतात आणि दर्या इथे चौपाटीला. हा अर्धा र हिंदीत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेलं काम ‘मराठी’ नाव लावून पुढे सरकवलं की नेमका हाच मरतो. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डांचीही तीच गत. ‘नाही’ लिहायला जावं तर आधी ‘नहीं’ पुढे करतात. आणि ‘मला’ हवं असताना ‘माला’ हातात ठेवतात.

‘ॲ’ चीही अशीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवायचे, आणि काही ठिकाणी तो चंद्र अ वर न बसता टिंबांच्या रिकाम्या वर्तुळावर बसलेला दिसायचा. फोर्टातल्या वकिलांची लेटरहेडं करताना ‘ॲड.’ साठी मी किती वेळा माना टाकल्या असतील, गणती नाही. आज दोन्ही तऱ्हा चालू आहेत, आणि एका तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर अनेक ठिकाणी सापडत नाही. ळ ला तर क्रमवारीत कुणी वालीच नाही. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, पण नुसत्या कोडच्या क्रमाने यादी लावली की ल ला चिकटून बसतो आणि वर्गणीदारांच्या यादीत काळे हे कासारांच्या आधी येतात. एसएमएसचं बहुतेकांना ठाऊक असेल: इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं, मराठीत ७०, आणि त्या सत्तरांत काना-मात्रा-वेलांट्याही मोजलेल्या.

फ्लेक्सवर ‘श्री’ फुटून श चा पाय मोडलेला आणि र बाजूला उभा, हे मुंबईत आपण सगळेच रोज बघतो. त्यात लिपीचा काही दोष नाही. जोडाक्षर जुळवणारं इंजिन त्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, फक्त ते सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि छापणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. मी स्वतः चार-पाच फ्लेक्सवाल्यांना त्यांच्या दुकानात जाऊन ते दाखवून आलोय.

“देवनागरीच मुळात किचकट आहे हो, इंग्रजीला सव्वीस अक्षरं,” असं कुणी म्हणालं की मात्र मी ऐकून घेत नाही. याच मुंबईत एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने शिशाचे खिळे जुळवून संस्कृत ग्रंथ छापले, आणि त्यांच्यासाठी राणूजी आरूंनी कोरलेल्या अक्षरांचं नाव जाणकार आजही घेतात. जोडाक्षर न् जोडाक्षर हाताने बसवायचे ते. त्यांना लिपी किचकट वाटली नाही आणि खिशातल्या फोनला ती जड जावी, हे मला पटत नाही. आकार जुळवणारी इंजिनं आज उत्तम आहेत, चांगले फॉन्ट मोफत आहेत. मराठीला प्रिय असलेला पाकळीचा ल दाखवायची सोयसुद्धा बऱ्याच फॉन्टमध्ये आतून केलेली असते, मजकुराची भाषा मराठी आहे एवढं फक्त सांगावं लागतं. ते सांगायचे कष्ट कुणी घेत नाही.

तुम्ही स्वतः काय करू शकता? इनस्क्रिप्ट शिका. तीन आठवडे बोटं अडखळतील, मग आयुष्यभर चालतील, कारण स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि तुम्ही दाबाल तेच अक्षर उमटतं, कुणी मधे अंदाज करत नाही. काही छापून घेतलंत तर छपाईवाल्याकडून पीडीएफबरोबर युनिकोडमधली मूळ फाइलही मागून घ्या. आमच्यातले काही जण कुरकुर करतील, तरी मागा, ती तुमचीच आहे. आणि मराठी पीडीएफ हातात आली की तिच्यात डोळ्यांना समोर दिसणारा एक शब्द कंट्रोल-एफ दाबून शोधून बघा. रफार किंवा ऱ्हस्व वेलांटी असलेला शब्द घ्या, ‘कार्यालय’ किंवा ‘विनंती’. समोर दिसत असूनही सापडला नाही, तर ज्यांनी ती पाठवली त्यांना लगेच कळवा, कोणत्या पानावर, कोणता शब्द, हे लिहून. त्या परीक्षेच्या जाहिरातीबद्दल मी असंच पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. या वर्षीची जाहिरात निघाली तेव्हा तो मुलगा पुन्हा दुकानात आला. फाइल पुन्हा तशीच होती. या वेळी मी टाइप केलेल्या पानांची एक प्रत त्याला दिली आणि एक पत्रासोबत जोडून त्यांना पाठवलीय.