आधी 1930, मग बाकीचं: सायबर गुन्ह्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (कोथरूड): वडिलांना व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल आली. त्यांनी ती उघडली आणि खात्यातून 48,000 रुपये गेले. ओटीपी त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. मग पैसे गेले कसे? आणि आता काय करायचं?

उत्तर: ओटीपी सांगायची वेळच आली नाही, तो त्या ॲपनेच वाचला. एपीके म्हणजे चलनाचा कागद नव्हे, फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. बसताना ती एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी मागते, आणि घाईत 'अलाऊ' दाबलं जातं. पुढे बऱ्याचदा 'चलन बघण्यासाठी 1 रुपया भरा' असं पान येतं. तिथे डेबिट कार्डाचा नंबर आणि मुदत भरली, की नवा यूपीआय पिन बनवायला लागणारी माहिती चोराकडे पोचते. राहिलेला ओटीपी ॲप परस्पर धाडतं. असं पान दिसलं होतं का, हे वडिलांना शांतपणे विचारा. रागावू नका. माणूस ओशाळला की नेमकं हेच सांगायचं टाळतो, आणि तपासाला तेच हवं असतं.

आता क्रम. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फायही बंद झालंय ना, ते बघा. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे मेसेज तिथे येतील. लगेच दुसऱ्या फोनवरून 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन, लावा. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी संदर्भ क्रमांक (यूटीआर) समोर ठेवा. ही तक्रार पैसे ज्या बँकेत गेले तिथपर्यंत पोचते आणि रक्कम खात्यात पडून असेल तर तिथेच रोखता येते. चोर मात्र ती एकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात भराभर फिरवतात. म्हणून सकाळी शाखा उघडायची वाट बघू नका.

त्यानंतर बँकेच्या हेल्पलाइनवरून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करून तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं असतं. कळवल्याची वेळ लेखी हवी, ती यासाठी.

फोन रिसेट करायची घाई नको. चॅट, समोरचा नंबर, फाइलचं नाव यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, कारण तोच पुरावा आहे. तक्रार नोंदवून झाली आणि फोन तपासाला नको असं पोलिसांनी सांगितलं, की फॅक्टरी रिसेट करा. नुसतं ॲप काढून भागेलच असं नाही. अशी ॲप्स आयकॉन लपवतात आणि ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन वाचून परस्पर बटणं दाबायची, परवानगी धरून बसतात. सिम ज्या फोनमध्ये आहे त्यावरून ##002# डायल करा, म्हणजे कुणी कॉल फॉरवर्डिंग लावून ठेवलं असेल तर तेही निघेल.

प्रश्न (हडपसर): फसवणूक झाली तेव्हा मी पिंपरीत होतो. तक्रार पुण्यात चालेल का?

उत्तर: चालेल. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय 2018 पासून वेगळं आहे, पण झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतली जाणारी तक्रार, कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तशी तरतूदच आहे. 1930 आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलला तर हद्दीचा प्रश्नच नाही.

प्रश्न (सदाशिव पेठ): कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला होता तेव्हा खातेदारांचे पैसे गेले होते का? बँकेतच चोरी झाली तर आपण काय करणार?

उत्तर: ऑगस्ट 2018 मध्ये सुमारे 94 कोटी रुपये गेले, पण ते एकेका खात्यातून काढलेले नव्हते. चोरांनी एटीएमच्या विनंत्या तपासणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली बनावट यंत्रणा घुसवली. क्लोन केलेल्या कार्डांना ती परस्पर 'मंजूर' म्हणत राहिली आणि 28 देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. अशा हल्ल्यात खातेदाराकडून काही चुकलेलं नसतं. आपल्या हातात एवढंच: एसएमएस अलर्ट चालू ठेवा आणि आंतरराष्ट्रीय वापर लागत नसेल तर कार्डावर तो बंद करून टाका.

प्रश्न (नारायण पेठ): आमच्या छपाईच्या ऑफिसात सकाळी कॉम्प्युटर लावला, तर टॅलीच्या आणि एक्सेलच्या सगळ्या फाइल्सची नावं बदललेली आणि पैसे मागणारी एक चिठ्ठी. अँटिव्हायरस होता. बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेलीच होती, तीही गेली. पैसे भरावेत का?

उत्तर: भरू नका. हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. पैसे घेऊन कुलूप उघडणारी किल्ली मिळेलच याची हमी नाही, आणि हे पैसे भरणारे आहेत अशी तुमची नोंद मात्र होते.

लॅनची वायर उपटा, राउटर बंद करा. फाइल्सची नावं डोळ्यांदेखत बदलत असतील तर मशीन तडक बंद करा. सगळं होऊन गेलं असेल तर चालूच राहू द्या. मेमरीत तपासाला उपयोगी खुणा असू शकतात. चिठ्ठीचा फोटो काढा. फॉरमॅट करू नका. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर एकदोन बिनमहत्त्वाच्या कुलूपबंद फाइल्स आणि चिठ्ठी टाकून प्रकार ओळखता येतो. युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने 2016 मध्ये सुरू झालेल्या या साइटवर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज मिळाली नाही तरी डिस्क जपून ठेवा, किल्ल्या कधी कधी महिन्यांनी सापडतात. काम नव्या डिस्कवर सुरू करा.

चोर शिरला कुठून, हे शोधल्याशिवाय जुनं नेटवर्क जोडू नका. घरून टॅली बघता यावी म्हणून कुणी रिमोट डेस्कटॉपचा (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा) रस्ता, म्हणजे 3389 पोर्ट, राउटरवर उघडा ठेवला होता का? सोप्या पासवर्डाचा उघडा पोर्ट ही लहान ऑफिसांमधली नेहमीची वाट. दुसरी क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरची. तिसरी अपडेट थकवण्याची: मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 पासून नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले आहेत, तेही तपासा. रोजचं काम ॲडमिन नसलेल्या अकाउंटवरच करायचं.

बॅकअपला दोन डिस्क घ्या. एक सोमवारी, दुसरी गुरुवारी जोडायची. कॉपी झाली की काढायची, आणि दोन्हींपैकी एक तरी कुठल्याही वेळी घरी असू द्यायची. महिन्यातून एकदा त्यातला टॅलीचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून कालपरवाचं एखादं बिल उघडतंय का, ते बघा.