उरलेल्या माथ्यांबद्दल

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

चढायच्या डोंगरांच्या यादीतले थोडेच माथे उरलेत आणि ते याच हंगामात संपवायचेत, असं तू लिहिलंस. वाचून फार आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली.

उरलेत कुठले ते बघ. आडबाजूचे, लांबट, झुडपांनी भरलेले बसके डोंगर आणि दोराशिवाय जमणार नाही असा तो सुळका. इतकी वर्षं ते मागे पडत गेले, कारण मन तिकडे ओढ घेत नव्हतं. सगळ्यांचंच तसं होतं. पण माझ्या मते यादीचा खरा उपयोग इथून सुरू होतो. देखण्या शिखरांवर तू यादी नसतानाही गेली असतीस. या बसक्या डोंगरांवर तुला नेईल ती फक्त यादी, आणि तिथून तुझी ओळखीची शिखरं पाठमोरी दिसतील. त्यांना पुरता दिवस दे. दुसऱ्या मोठ्या चढाईला जोडून, जाता जाता उरकू नकोस.

सपाट माथ्यावर अडचण निराळीच असते: सगळ्यात उंच जागा नेमकी कोणती? दगडांची रास दिसली की तीच, असं धरून चालू नकोस. कधी कधी ती दरी चांगली दिसते तिथे रचलेली असते. फोनमधली जीपीएसची उंची काही मीटर इकडेतिकडे होते. दाबावर चालणारं उंचीमापक तर हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला तरी साधारण 8 मीटरने हलतं. मी पारदर्शक बाटली अर्धी भरतो, उंचवट्यावर जमिनीलगत आडवा होतो, पाणी स्थिरावू देतो आणि त्याच्या पातळीच्या रेषेतून समोरचा उंचवटा बघतो. तो रेषेच्या वर दिसला की उठून तिकडे चालू लागायचं. फरक नजरेत येत नसेल तर दोन्हींवर पाय ठेवून यायचं.

एवढा काटेकोरपणा हवाच. स्कॉटलंडमधली 3,000 फुटांवरच्या शिखरांची यादी ह्यू मन्रो यांनी 1891 मध्ये छापली. ती 1901 मध्ये पहिल्यांदा पूर्ण केल्याचं श्रेय रेव्हरंड रॉबर्टसन यांना देतात. पण यादीतल्या बेन विव्हिस या शिखराच्या माथ्याआधीच ते पावसामुळे मागे फिरले होते आणि पुन्हा गेल्याची नोंद सापडत नाही, म्हणून अभ्यासकांना अजून शंका आहे. प्रत्येक माथ्याची तारीख, वाट आणि सोबती त्याच संध्याकाळी लिहून ठेव.

नियमांचंही तसंच. अमेरिकेत ॲडिराँडॅक डोंगरांत 4,000 फुटांवरची 46 शिखरं चढतात. नव्या मोजणीत त्यांतली चार कमी भरली, तरी परंपरेने 46 च मोजतात. स्कॉटलंडमध्ये मात्र 2012 साली एक डोंगर अर्ध्या मीटरहूनही कमी फरकाने यादीबाहेर गेला. मला दोन्ही रीती पटतात. फक्त सुळका जड वाटतोय म्हणून आता 'सुळके धरत नाही' असं ठरवू नकोस. जाणत्या माणसाकडून दोर नीट शिकून घे, आणि त्यात हा हंगाम गेला तर जाऊ दे.

हे कळकळीने लिहितोय, कारण शेवटच्या चार-दोन माथ्यांवर पाय मागे घेणं सगळ्यात जड जातं. समोर माथा दिसत असतो आणि मागे ढग भरून येत असतात. निघण्याआधीच वेळेचा हिशेब मांड. नेइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा ठोकताळा आजही चालतो: 5 किलोमीटरला एक तास आणि चढाच्या प्रत्येक 300 मीटरला आणखी अर्धा तास. झाडी आणि घसारा असेल तर त्यावर भर घाल. परत फिरायची वेळ ठरव आणि ती सोबत्याला सांगून ठेव, म्हणजे तुझा पाय निघाला नाही तरी तो तुला मागे वळवेल.

आणि सुळका शेवटी ठेवू नकोस. तो आधी कर. मन्रो 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांची स्वतःची यादी अपुरीच होती. शेवटचा माथा सोपा, रुंद वाटेचा ठेव, म्हणजे तुझे आईबाबा आणि पहिल्या चढाईचे सोबती वरपर्यंत येऊ शकतील. तारीख ठरली की कळव, मीही येणार आहे.

तुझा,
काका