लेकाकडे लिस्बनला जाताय ना, मग हे बघा

वहिनी, पहिलं म्हणजे लेकाला रोज सुट्टी घ्यायला लावू नका, तुम्ही दोघंच मस्त फिराल. नवेगांत कार्ड, म्हणजे तिथल्या मेट्रो-ट्राम-लोकलचं कार्ड, घ्या, पण प्रत्येकाचं वेगळं हां, एकावर दोघांना जाता येत नाही. सिंत्रा म्हणजे लिस्बनजवळचं डोंगरातलं गाव, तिथे जायला लिस्बनच्या रॉसिओ स्टेशनवरून लोकल आहे, साधारण 40 मिनिटं लागतात. तिथल्या डोंगरावरच्या पेना पॅलेसचं तिकीट मात्र आधीच ऑनलाइन काढायचं, कारण त्यावर आत जायची वेळ ठरलेली असते आणि बागेच्या गेटपासून वर चांगलाच चढ आहे, भाऊजींचे गुडघे दुखतात तर अर्धा तास हातात ठेवूनच जा. खाली ऊन असलं तरी वर धुकं नि वारा, अगदी आंबोलीसारखं, स्वेटर पाहिजेच. लिस्बनच्या बेलें भागात सोमवारी नको, तिथला जेरोनिमोस मठ बंद असतो. आणि तो चुकवू नका हो! ज्याच्या नावाचं आपलं वास्को, त्या वास्को द गामाचं थडगं तिथल्या चर्चमध्ये आहे, वर हात जोडून निजलेला दगडी पुतळा, बाजूला कोरलेलं जहाज, गोव्याच्या माणसाला ते बघताना काहीतरी वेगळंच वाटतं. नंतर जवळच 1837 पासूनच्या दुकानात गरम नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट, खा, वर दालचिनी घालून. 28 नंबरच्या ट्रामला फार गर्दी, खिसेकापू असतात, पासपोर्ट घरीच ठेवा, झेरॉक्स जवळ असू दे.