शिपिंग कंटेनरचं घर बांधायचं असेल तर पाया कोणता घ्यावा?

आधी माती तपासून घ्या, पायाचा प्रकार त्यानंतर ठरवा. कंटेनरचा सगळा भार त्याच्या चार कोपऱ्यांतल्या पोलादी ठोकळ्यांवरून खाली उतरतो. त्यामुळे जमीन मुरमाड किंवा घट्ट असेल, तर एकमजली घराला कोपऱ्यांखाली काँक्रीटचे फुटिंग (म्हणजे जमिनीतली रुंद बैठक) आणि त्यावर छोटे खांब पुरतात. रिकामा ४० फुटी कंटेनर साधारण पावणेचार टनांचा असतो, म्हणजे वजन फार नाही. खाली मोकळी जागा राहते, हवा खेळते, तळ लवकर गंजत नाही आणि पाइप दुरुस्त करायला हात पोचतो. मी तरी शक्यतो हाच पर्याय सुचवेन.

मात्र खिडक्या-दारांसाठी बाजूची पन्हाळी भिंत मोठी कापणार असाल, तर तिथली ताकद जाते आणि खालची बीम वाकू लागते. अशा ठिकाणी मध्येही आधार द्यावाच लागतो.

माती पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी असेल तर सुटे खांब वेगवेगळे हलतात. एक कोपरा थोडा जरी खचला तरी दारं अडकायला लागतात. तिथे राफ्ट (घराखालचा सलग काँक्रीटचा स्लॅब) किंवा पाइल (खोल घट्ट थरापर्यंत नेलेले खांब) घ्या, आणि तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरवरच सोपवा. दोन मजले असतील तरीही त्याला विचाराच.

काँक्रीट ओततानाच अँकरसह (काँक्रीटमध्ये रुतून प्लेट धरून ठेवणाऱ्या सळयांसह) लोखंडी प्लेट बसवून लेव्हल काटेकोर तपासा. कंटेनर नंतर तिच्यावर वेल्ड करा. नुसता टेकवून ठेवलेला कंटेनर वादळात सरकू शकतो.