बंद पडलेली, विसर्जित की मृत?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या पॅक-१२ या विद्यापीठ-गटाच्या बेसबॉल स्पर्धेवर लिहिताना ‘डिफंक्ट’ला, म्हणजे आता चालू नसलेल्या गोष्टीच्या इंग्रजी विशेषणाला, मराठीत काय म्हणावं? विचारणाऱ्यांनी ‘निकामी’ लिहिलं होतं, त्यांच्या मित्राने ‘मृत’ सुचवलं.

‘निकामी’ आधी काढून टाका. बॉम्ब निकामी करतात, अपघातात हात निकामी होतो. ज्याच्यात काम करायची ताकदच उरली नाही, ते निकामी. ही स्पर्धा तशी नव्हती. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीनच वर्षं ती झाली, तिन्ही वेळा ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल स्टेडियमवर. आधी स्टॅनफर्ड जिंकलं, मग ओरेगन, मग ॲरिझोना. शेवटचा अंतिम सामना ॲरिझोनाने यूएससीविरुद्ध (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध) ४-३ असा घेतला, तोही अखेरच्या फलंदाजीत. बेसबॉलमध्ये शेवटी फलंदाजी करणाऱ्या संघाची विजयाची धाव पूर्ण झाली की सामना तिथल्या तिथे संपतो, पुढचा चेंडूच पडत नाही. ही स्पर्धा अशा धावेवर थांबली. तिला निकामी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

थांबली ती गटच फुटला म्हणून. टीव्ही प्रक्षेपणाचा मनासारखा करार जुळेना, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात बारापैकी दहा विद्यापीठं अशाच दुसऱ्या गटांत निघून गेली: चार बिग टेनमध्ये, चार बिग ट्वेल्व्हमध्ये, दोन अटलांटिक कोस्टमध्ये. उरली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. (नावात बारा असले तरी बेसबॉल खेळणारे अकराच होते, कोलोराडोचा संघच नव्हता.) दोघांत कसली स्पर्धा भरवणार? खेळात मात्र काही खोट नव्हती. गट नसलेलं ओरेगन स्टेट २०२५ मध्ये ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, पोचलं.

आता मराठीकडे येऊ. आपण ‘दुकान बंद केलं’ म्हणतो तेव्हा करणारा कुणीतरी असतो. ‘गिरणी बंद पडली’ म्हणतो तेव्हा कारण असतं, पण एका माणसाकडे बोट दाखवता येत नाही. ‘पडणे’ या साध्या क्रियापदाने हा सगळा फरक होतो, आणि मला ही आपल्या भाषेची फार मोठी सोय वाटते. ही स्पर्धा बंद करावी असा हेतू कुणाचाच नव्हता. जो तो आपल्या वाटेने गेला आणि ती बंद पडली.

‘मृत’ भाषेला चालतं, स्पर्धेला जड होतं. शिवाय पॅक-१२ने २०२६ पासून नवी विद्यापीठं घेऊन पुन्हा उभं राहायचं ठरवलं. उद्या स्पर्धा परत भरली तर ‘मृत’ शब्द मागे घ्यावा लागेल, ‘बंद पडलेली’ला तो धोका नाही. बंद पडलेलं सुरू होतं, हे आपण रोज बघतो.

‘विसर्जित’ही कामाचा आहे, पण तो संस्थेला लावा. विधानसभा विसर्जित होते, समिती विसर्जित होते. १९१४ मध्ये स्थापन झालेली साउथवेस्ट कॉन्फरन्स, पॅक-१२सारखाच एक विद्यापीठ-गट, १९९६ मध्ये संपली आणि टेक्सासची चार विद्यापीठं बिग ट्वेल्व्हमध्ये गेली. ती कॉन्फरन्स विसर्जित झाली आणि तिच्या स्पर्धा बंद पडल्या, असं वाक्य सरळ बसतं.

‘डिफंक्ट’च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आपलं काम पार पाडून मोकळा झालेला’ असा आहे, त्यावरून तो दिवंगतासाठी वापरात आला. मराठीत ‘आटोपणे’ नेमकं असंच चालतं: काम आटोपलं, आणि एखाद्याचा कारभार आटोपला. पण तीन वर्षांत या स्पर्धेचं काम कुठे पुरं झालं होतं? म्हणून इथे तोही नको.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘पॅक-१२ची बेसबॉल स्पर्धा २०२२ मध्ये सुरू झाली आणि २०२४ नंतर, गट फुटल्यामुळे, बंद पडली.’