टार्गेट, पॉलिसी आणि पेन्शनरची एफडी

प्रिय नव्या सहकाऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

टार्गेटसाठी खातेदारांना त्यांच्या एफडीच्या पैशांतून पॉलिसी विकायला लावतात म्हणून बँकेची नोकरी सोडावी का, असं विचारलं आहेस. राजीनाम्याचं नंतर बघू. आधी मनाला नेमकं काय खुपतं ते वेगळं काढ. तिशीतल्या गृहकर्जदाराला टर्म पॉलिसी (मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) देण्यात वावगं काही नाही. खुपायला हवं ते हे: ६८ वर्षांच्या पेन्शनरची ५ लाखांची एफडी मॅच्युअर झाली, आणि ‘एफडीसारखंच आहे’ म्हणत त्याला वर्षाला १ लाखाची, १० वर्षं हप्ते भरायची पॉलिसी गळ्यात मारली. पाच हप्त्यांत ठेव संपते, सहावा पेन्शनमधून झेपत नाही, आणि मुदतीआधी पॉलिसी सोडली तर बहुधा भरल्यापेक्षा कमीच हाती येतं. युलिप (शेअर बाजाराशी जोडलेला विमा) असेल तर ५ वर्षं पैसे अडकलेच.

म्हणून खातेदार समोर बसला की पहिलंच वाक्य, ‘ही एफडी नाही, विमा आहे, दरवर्षी हप्ता भरावा लागेल.’ मग तीन प्रश्न: हे पैसे कधी लागतील, पुढचा हप्ता कुठून भराल, तुमच्यावर अवलंबून कोण आहे? तिसऱ्याचं उत्तर ‘कुणी नाही’ आलं तर विम्याचा विषय तिथेच मिटव. बेनिफिट इलस्ट्रेशनवरचे (पॉलिसीतून किती मिळू शकतं ते दाखवणाऱ्या तक्त्यावरचे) ४ आणि ८ टक्के हे गृहीत दर आहेत, हमी नव्हे; ते बोट ठेवून दाखव. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हेही सही घेण्याआधीच सांग.

काही गोष्टींना मात्र कुणीही सांगितलं तरी नाही म्हणायचं. फॉर्मवर खातेदाराऐवजी स्टाफचा मोबाईल नंबर टाकणं (पडताळणीचा कॉल मग शाखेतच उचलला जातो). दुसऱ्याने केलेली विक्री तुझ्या एसपी कोडवर (विमा विकायची परवानगी असलेल्या कर्मचाऱ्याचा क्रमांक) चढवणं. उद्या तक्रार आली की कागदावर नाव तुझंच. न विचारता खात्यातून जीवन ज्योती या सरकारी विमा योजनेचे ४३६ रुपये वळते करणं. रक्कम लहान म्हणून हे सर्रास चालतं, पण संमतीशिवाय काढलेला पैसा तो. आणि ‘पॉलिसी घेतली तरच कर्ज’. कर्जात मिळवलेला १ लाखाचा प्रीमियम ९ टक्क्यांनी २० वर्षांत सुमारे २ लाख १६ हजारांना पडतो, महिन्याला ९०० रुपये. हा हिशेब ग्राहकासमोर मांड. नको म्हणायची मोकळीक त्याला असली पाहिजे.

साहेबांना नाही कसं म्हणायचं? सकाळच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत तर नकोच. तिथे त्यांना माघार घेता येत नाही. नंतर केबिनमध्ये जा. तत्त्वज्ञान सांगू नकोस, जोखीम सांग: ‘सर, वय ६८, उत्पन्न फक्त पेन्शन. ही पॉलिसी तक्रारीत जाईल, प्रीमियम परत करावा लागेल. त्याऐवजी या महिन्यातल्या गृहकर्जाच्या फायली मला द्या, टर्मचे नवे अर्ज आणतो.’ नुसता नकार फार दिवस टिकत नाही, आकडा कुठून येणार हेही सांगावं लागतं. तरी दबाव आलाच तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाक: ‘आजच्या बोलण्यानुसार अमुक प्रपोजल मी केलेलं नाही, कारण उत्पन्नाशी जुळत नाही.’ बहुतेक तोंडी हुकूम लेखी आले की विरतात. सगळेच नाही; त्याची किंमत अप्रेझलमध्ये मोजावी लागू शकते, हे धरून चल.

पुरावा म्हणून खातेदारांच्या कागदांचे फोटो स्वतःच्या व्हॉट्सॲपवर घेऊ नकोस. तो गोपनीयतेचा भंग, आणि मग चौकशी तुझीच. तारीख, कोण काय म्हणालं, एवढं वहीत लिही, ग्राहकाचं नाव न घालता. खासगी बँकेसाठी रिझर्व्ह बँकेची २००७ पासूनची संरक्षित तक्रार योजना आहे, तीत तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतात. सरकारी बँकेत केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रारीचा मार्ग.

ऑपरेशन्स किंवा कर्ज विभागात बदली मागून बघ. तीही मिळाली नाही तर सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी ठेवून मग राजीनामा दे. जाण्याआधी तुझ्या कोडवरच्या पॉलिसींची यादी काढ, आणि ज्यांचे ३० दिवस अजून संपलेले नाहीत त्यांना शाखेच्या फोनवरून एकेक कॉल कर.

तुझा हितचिंतक